सत्तेचाळिसाव्या वर्षी मुष्टियुद्ध : तालुक्याच्या गावातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी वयाच्या ४७व्या वर्षी मुष्टियुद्ध शिकायला सुरुवात केली. त्यानंतरच्या सुमारे दीड वर्षात काय घडले, याची ही नोंद आहे. ती संबंधितांच्या संमतीने लिहिली असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शिक्षकांचा उल्लेख येथे श्री. स. असा केला आहे. मी शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक आहे. प्रशिक्षकाने सल्ला विचारला म्हणून मधल्या टप्प्यापासून माझा या प्रकरणाशी संबंध आला; त्याआधीचा भाग दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेल्या हकिगतींवरून जुळवला आहे.

गावात एक जुनी तालीम आहे. हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल देणाऱ्या या जिल्ह्यात अशा तालमींचे नवल नाही. मात्र येथे लाल मातीच्या हौद्याला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये गेली काही वर्षे मुष्टियुद्धाचा सराव चालतो. सामान बेताचेच आहे: जमिनीवर गाद्या, त्यांच्याभोवती दोरांनी आखलेले रिंग आणि वाशाला टांगलेल्या, ठोसे मारण्याच्या बॅगा. प्रशिक्षक २९ वर्षांचा असून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेला आहे. मुले बारा ते वीस वयोगटातील. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने त्यांतल्या अनेकांचे लक्ष स्पर्धेच्या प्रमाणपत्राकडे आणि पुढे पोलीस भरतीकडे असते. नांदेडच्या सीमेपलीकडच्या निजामाबादची निखत जरीन २०२२ मध्ये जगज्जेती झाल्यानंतर काही मुलीही येऊ लागल्या.

श्री. स. यांनी अकरावी-बारावीत असताना याच तालमीत दोन वर्षे कुस्ती केली होती. पुढे नोकरी, संसार आणि शिकवण्या यांत शरीराकडे दुर्लक्ष झाले. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, रक्तदाब गोळ्या घेऊनही १४६/९२ च्या आसपास आणि मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी ६.२ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांना ५८व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि चालण्याचा त्यांना कंटाळा होता, इथपर्यंतची गोष्ट सर्वसामान्य आहे. मात्र मुष्टियुद्धच का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर स्पष्ट होते: त्यांना एकदा तरी खरी लढत खेळायची होती. घाम गाळण्याचे इतर मार्ग त्यांना माहीत होते आणि नको होते.

प्रश्न

हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रौढ गटाची मर्यादा १९ ते ४० वर्षे आहे. सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या मेरी कोम यांनाही हीच मर्यादा आड आली. अमेरिकेत ३५ वर्षांवरील हौशी खेळाडूंसाठी मास्टर्स गट असून त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या वयातील अंतरावरही मर्यादा असते. आपल्या जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या वयोगटांत मात्र ४७ वर्षांच्या नवशिक्याला जागा नव्हती. त्यामुळे श्री. स. यांना जे हवे होते ते अधिकृतपणे मिळणार नव्हते. प्रशिक्षकाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण त्याने ते सांगितले नाही.

त्याने ते का सांगितले नाही, हा माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. प्रशिक्षक हा श्री. स. यांचा माजी विद्यार्थी. बारावीत रसायनशास्त्रात तो अडखळत असताना सरांनी त्याला घरी बोलावून, पैसे न घेता शिकवले होते. शेडमध्ये ते आले की मुले उठून उभी राहत आणि प्रशिक्षक त्यांना ‘सर, जरा गुडघा वाकवता का’ अशा विनंतीच्या भाषेत सूचना देई. इतर मुलांना तो ‘हात वर घे, हनुवटी खाली’ एवढेच म्हणे, आणि मुष्टियुद्धाची सूचना तशीच असावी लागते, कारण विनंतीचे वाक्य पूर्ण होईपर्यंत ठोसा लागलेला असतो. त्यात दुसऱ्या महिन्यात श्री. स. यांनी स्वखर्चाने दोन नव्या बॅगा आणि सोळा औंसांचे ग्लोव्हज शेडला घेऊन दिले. हेतू निर्मळ होता. परंतु गुरू, वडीलधारे आणि देणगीदार अशा तिन्ही नात्यांनी मोठ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे त्यानंतर प्रशिक्षकाला आणखी जड झाले.

समोरचे पर्याय

सुरुवातीला चार मार्ग बोलले गेले. पहिला, पहाटे साडेपाचच्या मुलांच्या तुकडीतच सामील होणे. दुसरा, संध्याकाळी मोठ्यांची वेगळी तुकडी काढून त्यात पवित्रा, पदन्यास, बॅग आणि पॅड (प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गादीवर ठोसे मारणे) एवढेच शिकवणे, समोरासमोर मारामारी नाही. तिसरा, पुण्याच्या व्यावसायिक वर्गात अधूनमधून जाणे. तो खर्च आणि रात्रभराच्या प्रवासामुळे लगेच बाद झाला. चौथा पर्याय श्री. स. यांच्या पत्नीने मांडला: जिममध्ये जावे आणि हा नाद सोडावा. तो कोणी गांभीर्याने घेतला नाही, जरी त्यामागची शंका अगदीच गैर नव्हती.

दुसरा पर्याय सर्वांत योग्य होता, असे आज सगळेच म्हणतात. तो तेव्हा नाकारला गेला याची दोन कारणे होती. संध्याकाळी प्रशिक्षक एका शाळेत अर्धवेळ काम करत असे आणि एका माणसासाठी वेगळी तुकडी काढणे त्याला परवडणारे नव्हते. शिवाय श्री. स. यांनाच वेगळी वागणूक नको होती. ‘मी इथे विद्यार्थी म्हणून आलो आहे’ असे ते आग्रहाने सांगत. या नम्रतेमुळे त्यांचे वय, वजन आणि औषधे हे मुद्दे चर्चेबाहेर गेले. प्रवेशाचा अर्जही शाळकरी मुलांसाठीच छापलेला होता. त्यात शाळेचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि पालकाची सही एवढेच रकाने होते. पालकाच्या रकान्यात श्री. स. यांनी स्वतःचेच नाव लिहिले आणि सगळे हसले. चालू औषधे, जुने आजार, डोळे यांविषयी अर्जात एक ओळही नव्हती.

वैद्यकीय तपासणी झाली, पण ती हृदयापुरती. लातूरच्या डॉक्टरांनी ईसीजी आणि पट्ट्यावर चालवून केली जाणारी ताण चाचणी घेतली, रक्तदाबाची गोळी बदलली आणि हळूहळू सुरुवात करायला हरकत नाही असे लिहून दिले. डॉक्टरांना ‘व्यायाम’ सांगण्यात आला होता. डोक्याला मार बसू शकणारा खेळ असे सांगितले असते, तर त्यांनी बहुधा आणखी काही विचारले असते.

पहिले चार महिने

या काळातील प्रगती खरी होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण मुलांसाठी आखलेला सराव सत्तेचाळिशीच्या शरीराला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे पहिल्याच आठवड्यांत दिसले. दोरीउड्यांनी टाचेमागच्या स्नायूबंधाला सूज आली. स्नायूबंध हे दमापेक्षा कितीतरी सावकाश तयार होतात, आणि नवशिक्या प्रौढाचा दम वाढला की तो नेमका याच ठिकाणी फसतो. तीन आठवडे दोरी बंद ठेवून गादीवर पदन्यास करण्याचा निर्णय प्रशिक्षकाने घेतला आणि तो योग्य ठरला. बँडेज नीट न बांधता बॅगवर जोरात मारल्याने करंगळीच्या मुळाशी दुखणे सुरू झाले. तेथील हाड बारीक असते. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर बसण्याऐवजी बाहेरच्या बाजूला बसला की तेच मोडते. सुदैवाने एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. त्यानंतर साडेचार मीटरचे बँडेज मनगटापासून कसे गुंडाळायचे हे प्रशिक्षकाने त्यांना रोज स्वतःसमोर करायला लावले.

कुस्तीची जुनी सवय हा वेगळाच अडथळा होता. कुस्तीत माणूस कमरेत वाकून, डोके पुढे काढून समोरच्याच्या अंगाशी जातो. मुष्टियुद्धात पुढे आलेले डोके म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेले आमंत्रण, आणि कमरेखाली झुकणे किंवा मिठी घालून धरून ठेवणे ही नियमबाह्य कृती. पॅडवर पवित्रा सुधारला तरी दमल्यावर शरीर तीस वर्षांपूर्वीच्या हौद्यातल्या सवयीकडे परत जाई. ही गोष्ट प्रशिक्षकाच्या लक्षात आली होती. पुढे जे घडले त्यात तिचा वाटा मोठा आहे.

मार्चनंतर पत्रा तापू लागला. वजन घटवण्यासाठी मोठी मुले प्लास्टिकचे जाकीट घालून पळत. त्यांचे पाहून श्री. स. यांनीही तसे केले आणि एकदा चक्कर येऊन बसले. त्यांच्या रक्तदाबाच्या नव्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकणारा घटक होता. त्यावर घामाची भर पडल्यावर रक्तदाब एकदम उतरणे स्वाभाविक होते. जाकिटाने उतरते ते पाण्याचे वजन, चरबीचे नव्हे, हे रसायनशास्त्राच्या शिक्षकाला समजावून सांगावे लागले याची त्यांनाच नंतर गंमत वाटली. पण या प्रसंगानंतरही ‘सर, तुम्ही आणखी कोणती औषधे घेता?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही.

स्पारिंगचा दिवस

पाचव्या महिन्यात श्री. स. यांनी स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराशी रिंगमध्ये सरावाची लढत खेळण्याची, मागणी केली. त्यांच्या वजनाचा एकच मुलगा शेडमध्ये होता: १९ वर्षांचा, ८१ किलोचा, तीन वर्षे सराव केलेला, पोलीस भरतीची तयारी करणारा. प्रशिक्षकाने दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, सोळा औंसांचे ग्लोव्हज, हेडगार्ड आणि माउथगार्ड असे ठरवले. कागदोपत्री ही पुरेशी काळजी वाटते. परंतु हेडगार्डने भुवई फुटणे टळते. मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ पासून प्रौढ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढूनच टाकले.

पहिल्या फेरीत मुलगा हात राखून मारत होता. श्री. स. यांना ते जाणवले आणि विश्रांतीच्या मिनिटात ते म्हणाले, ‘अरे, मोकळेपणाने मार. इथे मी सर नाही.’ मुलाने प्रशिक्षकाकडे पाहिले. प्रशिक्षक काही बोलला नाही, आणि मुलाने ते मौन म्हणजे परवानगी असे समजले. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर श्री. स. दमले, डोके पुढे काढून अंगाशी गेले आणि उजव्या हाताचा आडवा ठोसा कानशिलावर बसला. ते पडले नाहीत. पण त्यांचे पाय जड झाले आणि पुढचे ठोसे त्यांनी अडवलेच नाहीत. प्रशिक्षकाच्या सांगण्यानुसार त्याला त्या क्षणी थांबवावेसे वाटले होते. मुलांसमोर सरांची लढत थांबवणे त्यांना अपमानास्पद वाटेल म्हणून त्याने फेरी संपू दिली. तिसरी फेरी झाली नाही, कारण श्री. स. यांनीच हात हलवून नकार दिला.

ते स्कूटरवरून घरी गेले आणि त्याच दिवशी दोन तास शिकवले. डोके दुखत होते, फळ्यावरच्या अक्षरांवर नजर ठरत नव्हती, आणि तोंडपाठ असलेली एक अभिक्रिया मध्येच सुटली. त्यांनी कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने प्रशिक्षकाला फोन केला. ‘काकू, सर काहीच बोलले नाहीत मला,’ असे तो म्हणाल्यावर त्या म्हणाल्या, ‘ते बोलणार नाहीत. तूच बोलायला हवं होतंस.’

लातूरला सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. मेंदूला हिसका बसल्याचे निदान झाले. मात्र त्या भेटीत दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, वडिलांच्या इतिहासामुळे एका मित्राच्या सल्ल्याने श्री. स. दोन वर्षांपासून रोज ७५ मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेत होते. रक्त गोठण्यास विरोध करणारे औषध घेणाऱ्याने डोक्यावर मार घेणे हा निव्वळ धोका आहे, आणि वयानुसार मेंदू किंचित आक्रसल्याने त्यावरील शिरा अधिक ताणलेल्या असतात, म्हणून हा धोका विशीतल्या मुलापेक्षा निराळा ठरतो. दोन, त्यांना उणे साडेपाचचा चष्मा होता. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगितले, तेव्हा डाव्या डोळ्यात पडद्याची कड पातळ झालेली आढळली. छिद्र नव्हते, उपचाराची तातडी नव्हती, पण डोक्याला आणि चेहऱ्याला मार बसेल असा कोणताही खेळ खेळू नये असे नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिले. डोळ्यापुढे अचानक प्रकाशाचे झोत, काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखे दिसले तर त्याच दिवशी यावे, असेही बजावले.

त्यानंतरचे निर्णय

याच टप्प्यावर प्रशिक्षक माझ्याकडे आला. सरांना शेडमध्ये येऊच देऊ नये असे त्याचे मत झाले होते. मला ते दुसरे टोक वाटले. मुष्टियुद्ध शिकायचे की नाही आणि डोक्यावर ठोसे घ्यायचे की नाही, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. मुलांच्या बाबतीत पहिल्यातून दुसरा आपोआप येतो, कारण स्पर्धा हेच ध्येय असते. प्रौढ नवशिक्याच्या बाबतीत तसा तो येऊ देऊ नये. श्री. स. यांच्यासाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या मिळालेच होते. पहिल्याचे उत्तर मात्र अजून खुले होते.

पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग चालणे, मग शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणे), मग हलके पॅड असा टप्प्याटप्प्याने परतीचा क्रम ठरला. प्रत्येक टप्प्यावर लक्षणे नसतील तरच पुढचा टप्पा. स्पर्धेत डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबवली तर खेळाडूला किमान ३० दिवस रिंगबाहेर ठेवतात, म्हणून पॅडवर जोर लावण्यापूर्वी आम्हीही तेवढाच काळ धरला. हृदयविकार नसलेल्या माणसाने अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने चालू ठेवावे का, हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांवर सोपवला आणि त्यांनी ते बंद केले.

सर्वांत अवघड काम होते ते श्री. स. यांना लढत कधीच होणार नाही हे सांगण्याचे. ते मी सांगावे अशी प्रशिक्षकाची अपेक्षा होती. मी नकार दिला, कारण शेडमध्ये रोज सूचना त्यालाच द्यायच्या होत्या. तो सरांच्या घरी गेला आणि वयोमर्यादेपासून डोळ्यापर्यंत सगळे बोलला. श्री. स. रागावले. डोळ्याबद्दल नव्हे, तर वयोमर्यादा पहिल्या दिवशी का सांगितली नाही याबद्दल. पंधरा दिवस ते आले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी एक अट घातली, आणि या प्रकरणातला हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो: शेडच्या आत प्रशिक्षकाने त्यांना विनंती करू नये, थेट सूचना द्यावी. ‘सर’ हे संबोधन राहिले, पण ‘वाकवता का’ जाऊन ‘वाकवा’ आले.

परिणाम

दीड वर्षाच्या अखेरीस वजन ८४ वरून ७७ किलोवर आले. रक्तदाब १३०/८० च्या जवळ स्थिरावला आणि डॉक्टरांनी गोळीतला पाणी बाहेर टाकणारा घटक काढला. ठोशाबरोबर श्वास सोडण्याची सवय लागली. श्वास रोखून बॅगवर मारल्यास रक्तदाब क्षणात चढतो, म्हणून यावर बराच वेळ दिला गेला. आठवड्यात चार दिवस सराव होतो आणि जोराच्या दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस मोकळा असतो. जोडीदारासोबतचा सराव आहे, पण त्यात एकाने ठरलेला ठोसा हाताच्या अंतरावर थांबवायचा आणि दुसऱ्याने बाजूला सरकायचे, एवढेच. आणखी तीन मोठी माणसे आल्याने रविवारी त्यांची वेगळी तुकडी सुरू झाली. जिल्हा पातळीवरील एका स्पर्धेत श्री. स. यांनी वेळाधिकाऱ्याच्या शेजारी बसून मदत केली, आणि फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पाच पंचांची पद्धत ते आता मुलांना प्रशिक्षकापेक्षा चांगली समजावतात.

लढतीची इच्छा मात्र गेलेली नाही. गेल्या वार्षिक कार्यक्रमात एक प्रदर्शनीय फेरी ठेवावी असे त्यांनी सुचवले होते, ‘नुसती दाखवायला’. प्रशिक्षकाने तिथल्या तिथे नाही म्हटले.

वेगळे काय करता आले असते

वयोमर्यादा पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, याबद्दल दुमत नाही. तरीही मी श्री. स. यांना विचारले की तेव्हा ते कळले असते तर तुम्ही आला असता का. थोडा विचार करून ते नाही म्हणाले. वजन, रक्तदाब आणि रविवारची तुकडी हे सगळे काही अंशी एका न सांगितलेल्या गोष्टीवर उभे आहे, आणि हे मला गैरसोयीचे वाटते; पण म्हणून ती लपवणे योग्य ठरत नाही, कारण त्याच आशेने ते स्पारिंगपर्यंत पोहोचले.

अर्जाचा नमुना बदलणे सोपे होते आणि ते झाले. ३५ वर्षांवरील प्रत्येकाने आता चालू औषधांची यादी, चष्म्याचा नंबर, जुनी डोकेदुखी किंवा बेशुद्धी आणि कुटुंबातील हृदयविकार हे लिहायचे असते, आणि डॉक्टरांकडे जाताना खेळाचे नाव स्पष्ट लिहिलेले पत्र न्यायचे असते. देणगीच्या बाबतीत मात्र काही ठरलेले नाही. सराव करणाऱ्याकडून सामान घेऊ नये असे मी सुचवले. पैशाअभावी फाटक्या ग्लोव्हजवर मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला ते पटले नाही, आणि त्याची अडचण खरी आहे.

ज्याचा विचार सर्वांत उशिरा झाला तो म्हणजे समोरचा मुलगा. हलके मारले तर सर नाराज होणार, जोरात मारले तर सरांना लागणार, आणि नेमके काय करायचे हे कोणी सांगणार नाही, अशा जागी त्याला उभे केले गेले. सीटी स्कॅनची बातमी कळल्यावर तो दोन आठवडे शेडकडे फिरकला नाही. भरतीची तारीख जवळ आलेली असताना त्याचा सराव बुडाला. श्री. स. स्वतः त्याच्या घरी जाऊन बोलले म्हणून तो परतला. त्यांच्या परतीचा क्रम आम्ही दिवसागणिक आखला होता. मुलाशी बोलायचे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही यादीत नव्हते. आता शेडमध्ये स्पारिंग सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षक दोघांनाही, वय काही असो, किती जोराने मारायचे ते सर्वांसमोर मोठ्याने सांगतो, आणि रिंगमध्ये उतरलेल्या कोणालाही ते बदलता येत नाही.